अनुभव धागा : देव किती, या प्रश्नाच्या पलीकडचे धर्म

जगातील धर्मांची ओळख करून देणारे कोणतेही प्राथमिक पुस्तक उघडले, तर पहिल्याच प्रकरणात एकेश्वरवाद, अनेकेश्वरवाद, सर्वेश्वरवाद आणि निरीश्वरवाद अशी वर्गवारी भेटते. शिकवायला ती सोयीची असली, तरी तिच्या मुळाशी ‘देव किती?’ हा एकच प्रश्न आहे. जीव म्हणजे काय, काळ कसा चालतो, माणूस कशात अडकला आहे आणि त्यातून सुटतो कसा, या प्रश्नांना काही परंपरा देवाच्या संख्येपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व देतात. नागपुरात या परंपरा एकमेकींच्या शेजारी नांदतात. म्हणून येथील सदस्यांना विनंती आहे, की आपल्या घरातील किंवा शेजारातील ज्या प्रसंगातून अशी एखादी मूलभूत संकल्पना उमगली, तो प्रसंग लिहावा. कोणता धर्म श्रेष्ठ, ही चर्चा येथे अपेक्षित नाही.

निवृत्त ग्रंथपाल, इंदोरा

14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्या समुदायात माझे आजोबा होते. त्यामुळे आमच्या घरातील धर्मांतराला निश्चित तारीख आहे; बहुतेकांच्या घराण्यात धर्म कधी आला, हे सांगता येत नाही. नोकरीत असताना एक सहकारी मला नेहमी म्हणत, “तुमच्यात देव म्हणजे बुद्धच ना?” ते एकदा गृहप्रवेशाला आले आणि त्यांनी बुद्धवंदना पाहिली. मूर्तीपुढे फुले, मेणबत्ती आणि अगरबत्ती पाहून त्यांची खात्रीच झाली, की हीसुद्धा पूजाच. मी त्यांना फुले वाहताना म्हटलेल्या पाली गाथेचा अर्थ सांगितला : जसे हे फूल कोमेजते, तसाच माझा देहही नाशाकडे जातो. तेथे काही मागायचे नसते. अनित्यता आठवायची असते. कृती सारखी दिसते म्हणून तिच्यामागील विश्वदृष्टी सारखीच असेल, असे धरून चालता येत नाही, हे मला वाटते त्यांना त्या दिवशी पटले.

एक गोष्ट मात्र आमच्यातही चर्चेची आहे. बाहेरून येणारे काही भिक्खू पूर्वजन्मांच्या कथा सहज सांगतात, तर बाबासाहेबांनी आत्म्याचे देहांतर स्पष्टपणे नाकारले. ‘बौद्ध विश्वदृष्टी’ असे एकवचनात लिहिणाऱ्या पुस्तकांनी हे ध्यानात घ्यावे.

धान्याचे व्यापारी, इतवारी

आमच्यात सृष्टीचा कर्ता कोणी नाही, असे सांगितले की समोरची व्यक्ती लगेच आम्हाला नास्तिकांत बसवते. नवकार मंत्र ऐकून पाहावा. त्यात कोणत्याही व्यक्तीचे नाव नाही. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू या पाच पदांना नमस्कार आहे, आणि ती पदे जीवाने स्वतःच्या पुरुषार्थाने गाठायची आहेत.

कर्माविषयीही असाच घोटाळा होतो. शेजारी कर्म म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वर बसून हिशेब ठेवणारा कोणीतरी असतो. जैन विचारात कर्म हे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे द्रव्यच आहे. तेल लावलेल्या अंगाला धूळ चिकटावी, तसे ते राग आणि द्वेष यांमुळे जीवाला चिकटते. आईचे उपवास पाहून ‘कोणत्या देवासाठी?’ असे विचारले जाई, तेव्हा ती म्हणे, “देवासाठी नाही, निर्जरेसाठी.” निर्जरा म्हणजे चिकटलेले कर्म झाडून टाकणे; ते काम कोणी दुसरा करून देत नाही. सत्याला अनेक बाजू असतात, या आमच्या अनेकांतवादाचा अर्थ ‘सगळेच धर्म सारखे’ असा लावण्याची अलीकडे सभांमधून फॅशन आहे. ती मला मान्य नाही.

शिक्षिका, मोमीनपुरा

इस्लाममध्ये तौहीद, म्हणजे अल्लाहचे एकत्व, हा पाया आहे आणि त्याबद्दल आमच्या घरात कोणाचेही दुमत नाही. दुमत आहे ते ताजबागच्या दर्ग्याला जाण्यावरून. 1925 साली वफात झालेल्या बाबा ताजुद्दीन यांच्या उर्साला माझे थोरले मामू चादर घेऊन जातात. धाकटे मामू जात नाहीत, कारण मागायचे ते थेट अल्लाहकडेच, असे त्यांचे म्हणणे. थोरल्यांचे उत्तर असे, की वली, म्हणजे संत, हा वसीला, म्हणजे अल्लाहपर्यंत पोहोचण्याचे साधन आहे, देणारा एकच. दोघेही तोच कलमा पढतात. त्याच दर्ग्यात आमच्या शाळेतील एक हिंदू ताई मुलीच्या लग्नाचा नवस फेडायला आल्या होत्या आणि त्या बाबांना सरळ देव म्हणत होत्या. मामूंनी चादरीचे एक टोक त्यांच्या हाती दिले आणि काही बोलले नाहीत.

महानुभाव घरातील सून, महाल

आमच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र पदार्थ आहेत. देवता आहेत, पण त्यांचे फळ मर्यादित. मोक्ष देणारा परमेश्वर एकच. आजेसासूबाई शेजारच्या पूजेला हात जोडत नसत, ते शेजाऱ्यांना गर्व वाटे. वरच्या वर्गवारीत आम्हाला कोठेही ठेवले, तरी उरलेली बाजू चुकीचीच दिसेल.

बँक कर्मचारी, सदर

ख्रिस्ती विचारात काळ उत्पत्तीपासून न्यायाच्या दिवसापर्यंत एकाच दिशेने जातो. मित्राच्या वडिलांच्या तेराव्याला गुरुजी पुढच्या जन्माविषयी बोलत होते; आम्ही उपासनेत शरीराचे पुनरुत्थान म्हणतो. एकदाच मिळालेले आयुष्य आणि अनेकांपैकी एक आयुष्य, यांतील फरक मला तेथे बसून जाणवला.

संशोधक विद्यार्थी, मूळ गाव रामटेक तालुका

मी गोंड आहे. पदव्युत्तर वर्गात आमच्यासाठी ‘सर्वात्मवाद’, म्हणजे झाडे, प्राणी, वस्तू या सगळ्यांत आत्मा मानणे, हा रकाना होता. 1871 मध्ये एडवर्ड टायलर यांनी धर्माच्या उगमाची जी मांडणी केली, त्यातून तो रूढ झाला. आमच्या घरात मात्र कोणी कशात आत्मा मानतो, यावरून काहीच ठरत नाही. चुलतभावासाठी स्थळ आले, तेव्हा आत्याने आधी विचारले, “किती देवे?” कोणी चार देवे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. समान देवांचे सगळे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. मुलगी शिकलेली होती, घर चांगले होते, पण दोघेही सात देवे निघाले आणि चहा पिऊन पाहुणे परतले. म्हणजे देवांची संख्या येथेही विचारली जाते, पण ती श्रद्धा मोजण्यासाठी नव्हे; आपण कोणाचे कोण, हे ठरवण्यासाठी.

प्रत्येक गोत्राचे एखादे झाड किंवा प्राणी असतो व त्याला इजा करायची नसते. पेरसा पेन, म्हणजे आमचा थोरला देव, साजाच्या झाडात असतो. गुहेत कोंडलेल्या देवांना आमच्या कथांतील आद्य गुरू लिंगोने सोडवल्याची कथा नागपुरातील स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून ठेवली होती आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ती छापली. अभ्यासक ती पुराणकथा म्हणून वाचतात. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेला चढणारे लोक ती आपल्या घराण्याचा इतिहास म्हणून सांगतात.

2011 च्या जनगणनेच्या अर्जात सहा धर्मांना अंक होते. सातवा असेल तर नाव पूर्ण लिहावे लागे. त्या वर्षी सुमारे 79 लाख लोकांची नोंद अशा ‘इतर’ धर्मांत झाली. त्यांत झारखंडकडील आदिवासींचा सरना धर्म लिहिणारे सुमारे 50 लाख आणि गोंडी लिहिणारे सुमारे 10 लाख होते. आत्या त्यांत आहे की नाही, हे आम्हाला कळलेले नाही. गणना फेब्रुवारीत झाली, माघ पौर्णिमाही त्याच महिन्यात होती. प्रगणक दारात आले तेव्हा ती कचारगडला गेली होती आणि तिची माहिती शेजाऱ्यांनी सांगितली.