कोजागिरीला हरिश्चंद्रगडावर टेंट, पण विजांची धास्ती वाटतेय

घोडबंदरकर:
मंडळी, कोजागिरीला आम्ही चौघं ठाण्याहून हरिश्चंद्रगडावर जायचं म्हणतोय, पायथ्याच्या पाचनई गावातून चढून वर टेंट लावायचा. सामान बांधून झालंय पण रोज दुपारी येऊरच्या डोंगरामागे आभाळ काळं व्हायला लागलं की पोटात गोळा येतो. पावसाचं काही नाही हो, भिजायची सवय आहे, पण विजेचं काय? रात्री दोनला गडगडायला लागलं तर टेंटमधून उठून जायचं कुठे? बाकीचे म्हणतात ऑक्टोबरात कसला पाऊस.

पनवेलचा भटक्या:
त्यांना सांगा, मुंबईतून मान्सून परत जायची सर्वसाधारण तारीखच ८ ऑक्टोबर आहे आणि परतीचा पाऊस गडगडाट घेऊनच येतो. दिवसभर कडक ऊन, दुपारनंतर ढग चढतात आणि संध्याकाळी कडकडाट, बहुतेक वेळा हेच. म्हणजे तुमची धास्ती खरी आहे. पण काय करायचं ते गावातच ठरवा, रात्री दोनला अर्धवट झोपेत डोकं चालत नाही. पाचनईत साडेतीनच्या आत पोचा, ढग बघा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप उघडा, आसपास वीज पडतेय का ते त्यात कळतं. लक्षण ठीक दिसलं नाही तर सरळ गावात कुणाच्या पडवीत झोपा, पहाटे चढा.

ऐरोलीची ताई:
दादा, टेंट विजेपासून काडीचंही वाचवत नाही, हे चौघांनाही सांगून ठेवा. कोकणकड्याच्या काठावर फोटो भारी येतात पण रात्री तिथे नकोच, उघडं पठार आणि खालून वर येणारा वारा. तारामती या गडावरच्या शिखराचा माथा नको, एकट्या झाडाखाली नको. मंदिराजवळ लेणी आहेत, त्यांच्या जवळच जागा बघा आणि उजेड असतानाच टेंटपासून लेण्यापर्यंत एकदा चालून या, पावसात टॉर्चने वाट सापडत नाही. वीज चमकली की सेकंद मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की सामान तिथेच टाकून लेण्यात. तोंडाशी उभं राहायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. आणि कातळात पेग घुसत नाहीत, जाड दोरी न्या, मोठ्या दगडांना बांधा.

घोडबंदरकर:
ताई, खूप बरं वाटलं वाचून. भटक्या, आता सकाळी लवकरच निघतो. टेंटला परवानगी लागते का?

पनवेलचा भटक्या:
गड अभयारण्यात येतो, त्यामुळे निघायच्या आधी वनखात्याला विचारूनच घ्या.