टर्कीच्या हाडांचं सूप

थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या दुसऱ्या दिवशी भाजलेल्या टर्की पक्ष्याचा सांगाडा टाकून देता असं लिहिलंत, वाचून खरंच हळहळ वाटली. सगळी चव त्यातच असते हो! उरलेलं मांस काढून बाजूला ठेवा. सांगाडा मोडून मोठ्या पातेल्यात, बुडेल इतकं गार पाणी, सालासकट कांदा, गाजर, सेलरी, तमालपत्र, चार मिरे. उकळी आली की आच अगदी मंद. खळखळ उकळलं तर सूप गढूळ होतं. वरचा फेस काढत 3 तास राहू द्या. मीठ मात्र गाळून चव बघितल्यावरच, कारण बऱ्याच टर्की आधीच मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या असतात. मांस अगदी शेवटी घाला, नाहीतर चोथा होतो. सुपात नूडल्स घालायच्या असतील तर वेगळ्या उकडा. मी वरून लिंबू पिळते, फार छान लागतं.