पुण्याबाहेरचा पहिला दौरा: गाडी, ड्रमसेट आणि खर्च यांविषयी सल्ला हवा

खर्जषड्ज:
आम्ही पुण्यातील चौघे (गायन व गिटार, दुसरी गिटार, बेस, ड्रम) तीन वर्षांपासून स्वतः रचलेली मराठी गाणी वाजवत आहोत. जानेवारीत प्रथमच दौरा ठरत आहे. आयोजकांनी दिलेल्या तारखांप्रमाणे शुक्रवारी कोल्हापूर, शनिवारी बेंगळुरू, पुढच्या गुरुवारी पणजी आणि शुक्रवारी बेळगाव असा क्रम लागतो. पणजीचा कार्यक्रम उघड्यावर असून बाकीचे तीन बंदिस्त जागेत आहेत. बेंगळुरूला तिकीटविक्रीतील वाटा मिळेल, इतरत्र मानधन ठरलेले आहे. गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वेने जावे, संपूर्ण ड्रमसेट सोबत न्यावा का, आणि पदरचे पैसे किती घालावे लागतील, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

तिहाई:
गाडी की रेल्वे हे नंतर पाहू. आधी तारखांची अदलाबदल होते का ते विचारा. कोल्हापूर ते बेंगळुरू हे अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे. शुक्रवारचा कार्यक्रम आटोपून, वाद्ये बांधून आणि जेवून निघेपर्यंत रात्रीचा एक वाजतो, आणि शनिवारी दुपारी साउंडचेकला (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला) उभे राहायचे तर रात्रभर गाडी हाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आम्ही एकदा हाच उद्योग केला होता. हुबळीच्या पुढे पहाटे चारच्या सुमारास गाडी चालवणाऱ्या आमच्या बेसवादकाला डुलकी लागली आणि गाडी दुभाजकाला घासत गेली. कोणाला खरचटलेही नाही, परंतु कार्यक्रमाच्या रात्री प्रवास करायचा नाही, हा नियम आम्ही तेव्हापासून मोडलेला नाही.

दुसरी अडचण रविवार ते बुधवार या चार मोकळ्या दिवसांची आहे. कार्यक्रमाच्या दिवशी निदान जेवण आणि मुक्काम आयोजकाकडे मागता येतो. मोकळ्या दिवशी खोल्या, दोन्ही वेळचे जेवण, चहा आणि चालकाचा भत्ता हे सगळे तुमच्याच खिशातून जाते. त्यापेक्षा शुक्रवारी कोल्हापूर, शनिवारी बेळगाव (जेमतेम ११० किलोमीटर), रविवारी सकाळी जांबोटीवरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणे आणि त्याच संध्याकाळी पणजी, असा क्रम मिळवण्याचा प्रयत्न करा. बेंगळुरू या वेळी सोडून द्या, असे माझे स्पष्ट मत आहे. अनोळखी शहरात तिकिटांच्या वाट्यावर जाताना परतीचे ८४० किलोमीटर विसरू नयेत. तेथील महाराष्ट्र मंडळाकडे ठरीव मानधनाचा कार्यक्रम मिळतो का ते विचारून पुढे कधीतरी स्वतंत्र फेरी करता येईल.

अर्धमात्रा:
रेल्वेही अगदीच टाकाऊ नाही. बेंगळुरूला जायचेच असेल, तर उद्यान एक्स्प्रेस पुण्यावरून सोलापूर, वाडी, गुंटकलमार्गे जाते आणि रात्री झोप मिळते. मात्र मधल्या एखाद्या स्थानकावर उतरायचे असेल, तर गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते, तेवढ्यात सामानाचे सहा डाग उतरवताना एखादे वाद्य वर राहिले की संपलेच.

जवारी:
मी ध्वनिसंयोजनाचे काम करतो, त्यामुळे ड्रमविषयी लिहितो. संपूर्ण सेट नेऊ नका. स्नेअर (तळाशी तारा असलेला छोटा ड्रम), झांजा, बेस ड्रमचे पेडल आणि स्वतःचे स्टूल एवढेच न्यावे. उरलेले ड्रम आणि स्टँड आयोजकाकडून मागावेत. ही मागणी फोनवर न करता लेखी करावी. कोण कोठे उभा राहणार याची आकृती आणि मिक्सरच्या कोणत्या वाहिनीवर (चॅनेलवर) कोणते वाद्य येणार याची यादी एका पानावर तयार करून आठवडाभर आधी पाठवली, तर स्थानिक ध्वनिसंयोजक तुमच्या बाजूने उभा राहतो.

लॅपटॉपवरून काही वाजवत असाल, तर स्वतःचे दोन डीआय बॉक्स (लॅपटॉप किंवा वाद्याचा आवाज मिक्सरला नीट जोडून देणारी छोटी पेटी) जवळ ठेवा. लहान जागांमध्ये विजेचे अर्थिंग बहुधा सदोष असते, आणि माइकला ओठ लागताच झटका बसत असेल, तर तो विषय हसण्यावारी नेऊ नये. स्वस्तात मिळणारा विजेचा टेस्टर पेटीत असू द्या. वाद्ये उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. गिटारचा पूल (तारा जिथे अडकवतात ती पट्टी, ब्रिज) उखडतो, हे मी दोनदा पाहिले आहे.

पणजीबाबत आणखी एक गोष्ट. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच तशी तरतूद आहे. तुमच्या आधी दुसरा बँड असेल, तर त्याचा उशीर तुमच्याच वेळेतून कापला जातो. तेव्हा मंचावर येण्याची नेमकी वेळ लिहून घ्या आणि वेळ कमी पडल्यास कोणती तीन गाणी गाळायची हे पुण्यातच ठरवा.

खर्जषड्ज:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. बेळगावच्या आयोजकांनी शनिवार मान्य केला आहे. पणजीचे उत्तर यायचे आहे. बेंगळुरूला नम्रपणे नकार कळवला, त्यावरून आमच्यात थोडी धुसफूस झाली हे कबूल करतो. पैशांचे मात्र कोणी लिहिले नाही.

तिहाई:
निम्मे मानधन आगाऊ घ्या आणि ते खात्यात जमा झाल्याशिवाय गाडी ठरवू नका. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या, आणि कर्नाटक व गोव्याचे परमिट, कर आणि टोल भाड्यात धरले आहेत का ते आधी विचारा. आमचे भांडण नेमके नाक्यावर झाले होते. येणारे पैसे प्रथम एका सामाईक पिशवीत टाकावेत, त्यातून डिझेल, तारा, औषधे आणि जेवण भागवावे, आणि वाटणी पुण्यात परतल्यावरच करावी. कोणी टीडीएस कापला, तर त्याचे प्रमाणपत्र मागून घ्या. बाकी, चौघांपैकी हिशेब कोण लिहिणार हे निघण्याआधी ठरवा, आणि ते काम ड्रमवादकाला देऊ नका. सामान बांधायला सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागतो.