जोडून घडवलेले शब्द आणि ‘थॉन’

दोन शब्द कापून जोडलेले इंग्रजी शब्द हे समाजमाध्यमांच्या काळातील जाहिरातदारांचे खूळ आहे, असे एक मत मांडले जाते; ते मला निम्मेच पटते. जाहिरातींतील बहुतेक शब्द हंगामापुरतेच जगतात हे खरे, परंतु ‘ब्रंच’ (ब्रेकफास्ट आणि लंच) १८९५ मध्ये छापून आला होता आणि लंडनच्या हवेविषयी एका डॉक्टरने १९०५ मध्ये वापरल्यानंतर ‘स्मॉग’ (स्मोक म्हणजे धूर आणि फॉग म्हणजे धुके) रूढ झाला. आपल्या वृत्तपत्रांनीही धूर आणि धुके यांतून ‘धुरके’ घडवलेच आहे.

या मताच्या चर्चेत सहसा न येणारी गोष्ट अशी की, कधीकधी जोडाचा कापलेला तुकडाच पुढे स्वतंत्र प्रत्यय होऊन बसतो. मॅरेथॉन हे ग्रीसमधील एका ठिकाणाचे नाव. त्यातील ‘थॉन’ला स्वतंत्र असा काहीच अर्थ नव्हता. मात्र अमेरिकेत मदतनिधीसाठी तासन्‌तास चालणाऱ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांना ‘टेलेथॉन’ (टेलिव्हिजन आणि मॅरेथॉन) म्हटले जाऊ लागले, आणि या तुकड्याला ‘चिकाटीने, दीर्घकाळ चालणारे काहीतरी’ असा अर्थ चिकटला. १९९९ मध्ये ‘हॅकेथॉन’ (सलग बसून संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचा उपक्रम) आला, तो आज नागपुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या फलकांवर सर्रास दिसतो. विद्यार्थी त्याला बेधडक मराठी विभक्ती लावतात, ‘हॅकेथॉनला नाव दिलं’, ‘हॅकेथॉनमध्ये रात्र गेली’ असे म्हणतात, आणि त्यात मुळात धावण्याची शर्यत दडली आहे याची आठवण कोणालाही होत नाही (रात्रभर खुर्चीवर बसणाऱ्यांना तर नाहीच). ‘वर्कोहोलिक’चेही (कामाचे व्यसन जडलेला; वर्क आणि अल्कोहोलिक) तसेच: अल्कोहोलमध्ये मूळ अरबी ‘अल्’ वेगळा असताना शब्द भलत्याच जागी कापला गेला, ‘ओहोलिक’ हा तुकडा व्यसनाचा प्रत्यय झाला, आणि त्यातून ‘शॉपोहोलिक’, ‘चॉकोहोलिक’ अशी प्रजा वाढली.