खाली दुकानं, वर फ्लॅट: घ्यावा का?

प्रश्न: नव्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट बघतोय, खाली दुकानं नि एक रेस्टॉरंट येणारे. नेमकं काय तपासू?

उत्तर: आधी रेस्टॉरंटच्या किचनचा एक्झॉस्ट डक्ट (धूर-वास बाहेर नेणारा मोठा पाइप) कुठून जातो ते प्लॅनमध्ये बघ, तो गच्चीच्या वर निघाला पाहिजे, तुझ्या खिडकीखाली सुटला तर कायम तळणाचा वास घरात, आणि बिल्डिंग उभी राहिल्यावर डक्ट न्यायला जागा काढणं अवघड जातं रे. माल उतरवायची जागा पण विचार, गाड्या बऱ्याचदा पहाटेच येतात.

उत्तर: मेंटेनन्सचं विचारा! दुकानांना वेगळी एंट्री आहे का, लिफ्टचा खर्च कोणाकडे, पार्किंग वेगळं का एकत्र, सगळं करारात लेखी घ्या, तोंडी आश्वासन धरू नका.

उत्तर: मला तरी असा एरिया मनापासून आवडतो, औषधं किराणा सगळं पायी, रात्रीही रस्त्यावर जाग असते. फक्त गाळे छोटे असतील तर बरं, एक बंद पडला तरी बाकीचे चालू राहतात, एकच मोठा गाळा रिकामा राहिला की अख्खा फुटपाथ ओसाड.

प्रश्नकर्ता: थँक्यू सगळ्यांना, उद्याच प्लॅन मागतो, वरचा मजला मिळतो का तेही विचारतो.