धामणाच्या धनुष्याचं टिलरिंग (दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात म्हणून तासणं) : वरच्या भुजेत बिजागरी पडतेय, मदत हवी आहे

रानवाट_१२

धामणाच्या झाडाच्या वाळलेल्या दांड्यातून सपाट धनुष्य काढलंय. पाठीला (निशाण्याकडची बाजू) हत्यार लावलेलं नाही, सालीखालचं लाकूड जसंच्या तसं आहे. सगळी तासणी पोटाकडून (ओढणाऱ्याकडची बाजू).

दोरीच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत लांबी ६८ इंच. मूठ ४ इंच आणि दोन्हीकडचे उतार (मुठीची जाडी भुजेत उतरते तो भाग) २-२ इंच, हे ८ इंच वाकत नाहीत. म्हणजे एकेक भुजा ३० इंच. रुंदी उतारापाशी १२ सूत (८ सूत म्हणजे एक इंच), निम्म्या भुजेपर्यंत तेवढीच, पुढे टोकाला ४ सूत. २८ इंच ओढीला ३५ पौंड हवेत.

सध्याची स्थिती : दोरी चढवल्यावर मुठीपासून ६ इंचांवर. १७ इंच ओढल्यावर लगेज काटा ११ किलो दाखवतो, म्हणजे साधारण २४ पौंड. वरची भुजा उतारापासून ८ इंचांवर कोपरासारखी मोडते आणि त्यापुढे जवळजवळ सरळच राहते. खालची एकूणच ताठ आहे. दोरी उतरवल्यावर वरचं टोक पोटाकडे पाऊण इंच, खालचं पाव इंच वाकलेलं राहतं.

व्हर्नियरने मधोमध घेतलेली जाडी, मिमीमध्ये, उतारापासून ०, ४, ८, १२, १६, २०, २४ इंचांवर :
वरची : १६.०, १४.९, १३.२, १३.७, १३.१, १२.५, ११.८
खालची : १६.१, १५.४, १४.८, १४.३, १३.७, १३.१, १२.४

बिजागरीच्या जागी पोटावर आडव्या बारीक रेघाही दिसतात. पाठीवर ताग किंवा कापड चिकटवलं तर ती जागा सावरेल का? की लाकूड बाद समजायचं?

कानस_आणि_काच

पहिलं काम, दोरी उतरवा आणि रेघांचा निकाल लावा. लाकडाची कानस आडवी फिरली की अशाच रेघा पडतात. स्क्रॅपर किंवा फुटक्या काचेची धार उभ्या रेषेत दोनदा हलकी ओढा. रेघ गेली तर ती कानशीची. उरली, आणि विजेरी आडवी धरल्यावर तंतू दुमडल्यासारखे वेडेवाकडे दिसले, नखाला अडकले, तर ती दाबाने पडलेली सुरकुती. सुरकुती खरवडून जात नाही. तसं असेल तर ३५ पौंड विसरा, २५ वर समाधान माना.

ताग-कापडाने काही होणार नाही. ते पाठीच्या ताणाला मदत करतं. तुमचं लाकूड पोटाकडून, दाबाने दमतंय.

तीनसूत

मोजमापं दिलीत ते फार बरं केलंत, नाहीतर इथे नुसता अंधुक फोटो टाकून "काय चुकलं?" विचारतात.

वरच्या भुजेची ओळ पुन्हा वाचा. १४.९, मग १३.२, मग १३.७. टोकाकडे जाताना जाडी उतरतच गेली पाहिजे, इथे ती खाली जाऊन परत चढते. ४ आणि १२ इंचांच्या मधलं सरळ माप १४.३ येतं. तुमच्याकडे १३.२ आहे, म्हणजे पावणेआठ टक्के कमी. वाचायला किरकोळ वाटतं, पण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात जातो. त्या हिशोबाने ती जागा आजूबाजूपेक्षा २१ टक्के मऊ झालीय. सगळा बाक तिथेच गोळा होणार, दुसरं काय.

आता चांगली बातमी. ६ ते १७ म्हणजे ११ इंचांत २४ पौंड, तर ६ ते २८ या २२ इंचांत ढोबळमानाने ४८. तुम्हाला ३५ हवेत. लाकूड भरपूर शिल्लक आहे, म्हणून बिजागरीला हात न लावता बाकीचं तिच्या पातळीला आणता येईल.

वरची भुजा १४.८, १३.८, १३.२, १२.६, १२.०, ११.४, १०.८ अशी आणा. ८ इंचांचा आकडा तोच आहे बघा. बिजागरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच पेन्सिलने फुली मारा, हात चुकून तिकडे जाऊ देऊ नका. फुलीपट्ट्याच्या कडेला जाडी हळूहळू मिळवत न्यायची, पायरी सोडायची नाही. बाकी ठिकाणी साधारण १.१ मिमी निघेल. जाडीचा हिशोब लावला तर ४८ चे ३७-३८ होतात. उरलेले दोन-तीन पौंड पॉलिश पेपर आणि पहिले शंभरेक बाण खातात.

खालची भुजा दोन दशांश मिमी जाड ठेवा : १५.०, १४.०, १३.४, १२.८, १२.२, ११.६, ११.०. तीर मुठीच्या वर बसतो, हात खालच्या भुजेच्या जवळ पडतो, त्यामुळे तिच्यावर ताण जास्त येतो. दोरी चढवून दोन्ही उतारांच्या टोकाशी दोरी ते पोट अंतर मोजा. वरचं एक ते दीड सुताने जास्त हवं.

पहिले ०.७ मिमी बारीक कानशीने, नंतर फक्त स्क्रॅपर. स्क्रॅपरचे दहा-पंधरा हात मारले की दोरी लावून २०-३० वेळा अर्धवट ओढायचं. लाकूड तासल्याचा परिणाम लगेच कळत नाही, ओढल्यावर दिसतो. ही पायरी गाळली की माणूस उगाच जास्त तासतो. बाक सारखा होईपर्यंत २४ पौंडांच्या पुढे नको. पुढेही ३५ च्या वर कधीच नाही, "जरा बघू" म्हणूनसुद्धा नाही.

दाभोळकर_नव्हे

आकडे ठीक, पण दांड्याचं लाकूड सगळीकडे सारखं नसतं. गाठीपाशी तंतू वळतात, तिथे मिमी फसवतो. पेन्सिल-ठोकळा करा : ६ इंचांचा सरळ सागवानी तुकडा, मधोमध भोक, त्यात पेन्सिल. धनुष्य थोडं ओढून खांबावर बांधा, ठोकळा पोटावर टेकवा. जिथे सगळ्यात जास्त खोली आहे तिथे पेन्सिल जेमतेम टेकणार नाही इतकी आत घ्या आणि ठोकळा भुजेवरून सरकवा. ताठ जागी पेन्सिल उमटते. उमटलं तिथे खरवडा. टोकाकडचे शेवटचे ६ इंच मात्र ताठच राहू द्या, तिथलं उमटणं मनावर घेऊ नका. ओढलेल्या अवस्थेत मिनिटभरात काम उरका, नाहीतर बाक कायमचा बसतो.

खांबावर कप्पी लावली असेल तर ती मुठीच्या मध्याखाली नको, बोटं जिथे दोरी धरतात त्याच्या बरोबर खाली हवी. चुकीच्या जागी असली तर धनुष्य एका बाजूला कलतं आणि चांगली भुजा ताठ दिसते. दोर दोन मीटरवरून ओढा. खाली उभं राहायचं नाही.

आणि दोरी कसली आहे? नायलॉन असेल तर ती ताणते, १७ इंचांवरचा आकडा खोटा असू शकतो. डॅक्रॉनचे (कमी ताणणारा पॉलिस्टर धागा) १२-१४ पदर वळा.

रानवाट_१२

दोरी नायलॉनच होती, बदलतो. रेघा स्क्रॅपरने गेल्या, कानशीच्याच होत्या. पाऊण इंचाचा बाक परत सरळ होईल का?

तीनसूत

होणार नाही. पण तो पुढे वाढणं थांबेल. दीड इंचाच्या आत राहिला तर धनुष्य चालतं.

पावसाळी

कोकणात आत्ता बसून तासत असाल तर थांबा. ओलसर लाकूड वाकतं छान, पण परत येत नाही. तुमच्या बाकाचं निम्मं कारण ते असू शकतं. कांब स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज तोला. लागोपाठ तीन-चार दिवस ग्रॅमसुद्धा हलला नाही, म्हणजे ती हवेशी जुळली. तरीही पावसाळ्यात हवाच ओली असते, म्हणून प्लायच्या लांब खोक्यात जुना ६० वॅटचा बल्ब लावून ठेवा, आत ४० अंशांपर्यंत. त्याहून गरम नको, आणि दोन्ही टोकांना फेव्हिकॉल फासा, नाहीतर तिथून चिरा जातात. वजन पुन्हा स्थिर झालं की मगच कानस उचला.

रानवाट_१२

खोक्यातून काढून तासलंय. नव्या दोरीवर २० इंचांना २३ पौंड, बाक दोन्हीकडे सारखा दिसतो. एकच राहिलं : दोन्ही भुजांना उताराच्या अगदी कडेला, पहिल्या दोन इंचांत पेन्सिल गडद उमटते. तिथे अजून काढू?

दाभोळकर_नव्हे

नका काढू. ६ इंचांचा ठोकळा तिथे अर्धा न वाकणाऱ्या उतारावर टेकतो, म्हणून पेन्सिल उमटणारच. तेवढ्या जागेसाठी ३ इंचांचा ठोकळा करून परत फिरवा. त्यानेही उमटलं तरच खरवडा, आणि तेही पाच हातांपेक्षा जास्त नको.