चित्राखाली ओळ हवीच का?

उसाचा_फड:
राम राम मंडळी. कागलकडचा आहे. साखर कारखान्यात हिशेब विभागात नोकरी, रात्री जेवणं झाली की व्यंगचित्रं काढत बसतो. यंदा एका दिवाळी अंकाला एक चित्र दिलं होतं. पहिल्या चौकटीत उसाच्या ट्रॉलीमागं शाळेची दहा-बारा पोरं सायकलवरनं कांड्या ओढतायत. दुसऱ्या चौकटीत तीच ट्रॉली रिकामी, कारखान्याच्या वजनकाट्यावर. शब्द एकही नाही. अंक हातात पडला, तर खाली छापलेलं : 'यंदा उतारा घटला!' (उतारा म्हणजे उसातनं किती साखर निघते ते.) मला विचारलंसुद्धा नाही. फोन केला तर म्हणाले, "अहो, लोकांना कळायला नको?" मानधन म्हणून अंकाची एक प्रत मिळाली, ती रागानं माळ्यावर टाकली. बिनशब्दाचं चित्र आता कुणाला चालतच नाही का? का माझंच चुकतंय?

खिळेजुळारी:
दोन्ही. संपादकाने न विचारता ओळ घातली हे वाईटच. पण ती घालावीशी का वाटली तेही बघा.

मी पुण्यात आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो, म्हणजे खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवणारा, ऑफसेट छपाई येऊन खिळे भंगारात जाईपर्यंत. तेव्हा चित्र छापायचं म्हणजे जस्ताचा ब्लॉक करून आणायचा. रेघ काळीभोर असेल तर साधा लाइन ब्लॉक. करड्या छटा असतील तर हाफटोन, म्हणजे जाळीतून पाडलेले ठिपके. त्याला पैसे जास्त, आणि आमच्या खरबरीत कागदावर शेवटी सगळं काजळच. चित्रकारांना हे ठाऊक असायचं, म्हणून ते रेघ जपून खर्च करत. ओळ मात्र जवळपास फुकट. मी दोन मिनिटांत जुळवून फर्म्यात बसवायचो. कोपऱ्यात जागा उरली म्हणून बसवलेल्या ओळीही आठवतात. आता कबूल करायला हरकत नाही.

व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची 'मोहिनी' मासिकाची मुखपृष्ठं आठवा. ते काम आमच्याकडे नव्हतं, आम्ही नुसतं बघायचो. एक तरुण, एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. बास. तिथे कंपोझिटरला कामच नाही. आणि हे काही मूठभर रसिकांपुरतं नव्हतं. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत त्याच माणसाने चित्रं काढली आणि खेड्यापाड्यांतल्या पोरांना ती कळली. तेव्हा 'लोकांना कळत नाही' हे मी मानत नाही.

आता तुमचं चित्र. तुम्ही आधी चोरी दाखवता, मग रिकामी ट्रॉली. म्हणजे कोडं आणि उत्तर शेजारी शेजारी. वाचकाला करण्यासारखं काही उरलंच नाही, मग संपादकाला वाटलं आपणच भर घालावी. पहिली चौकट काढून टाका. वजनकाट्यावर रिकामी ट्रॉली, डोकं खाजवणारा ड्रायव्हर, आणि मागे रस्त्यावर चावून टाकलेल्या उसाच्या चोथ्याची रांग, पार लांबवर शाळेच्या फाटकापर्यंत. पोरं दाखवूच नका. आणि काट्यावर 'वजनकाटा' अशी पाटी रंगवली असेल तर तीही पुसा. पाटी म्हणजे ओळच, फक्त वर चढलेली.

नोकरी सोडायचा विचार असेल (लिहिलं नाहीत, पण वास येतोय), तर सोडू नका. व्यंगचित्रकार वसंत सरवटे एसीसी सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते. तो हात काय तोडीचा होता, तुम्हाला सांगायला नको.

चौकातली_स्कूटी:
थोडं अवांतर. व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर दिवाळीत पुण्याच्या नळ स्टॉपला उभे राहून वाहतुकीच्या नियमांची स्वतः काढलेली भेटकार्डं वाटायचे. मला एकदा मिळालं होतं. सिग्नल सुटायच्या आत चित्र कळलं. लिहिलेलं घरी येऊन वाचलं. ते २०१७ साली गेले. कार्ड अजून फ्रिजवर आहे, एक कोपरा तेलकट झालाय.

खिळेजुळारी काकांशी एका बाबतीत मात्र असहमत. शब्द म्हणजे दरवेळी कमीपणा नव्हे. राजकीय चित्रात नेत्याच्या तोंडी वाक्य नसेल तर दहा वर्षांनी कोण कुणाबद्दल काढलं होतं तेच समजणार नाही.

खिळेजुळारी:
बरोबर. पण ते वाक्य चित्रकाराने लिहिलेलं हवं. आमच्यासारख्याने कोपरा भरायला बसवलेलं नको.

उसाचा_फड:
काका, काल रात्री परत काढलं. पाटी होतीच, पुसली. चोथा काढणं लई अवघड, पहिल्यांदा शेणाच्या गोवऱ्यांगत दिसत होता. मग खरा ऊस आणला, चावला आणि टेबलावर ठेवून बघून काढला. बायकोला काही न सांगता कागद पुढं केला. तिनं आधी ड्रायव्हर बघितला, मग बोट रस्त्यावरनं सरकत सरकत फाटकापर्यंत गेलं, आणि हसली. मग म्हणाली, "टेबल कोण पुसणार?"

नोकरीचं कसं वळखलासा?